खानापूर तालुक्यातलं एक वाचनालय: विंडोजकडून लिनक्सकडे जाताना अडलेली मराठी

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला असलेल्या एका गावातलं हे मराठी वाचनालय. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. गाव लहान आहे, कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको. बाकी जे घडलं ते चुकांसकट मांडतोय.

वाचनालय वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतं. सहा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. बहुतेक मराठी, एक कपाट कन्नड, थोडी इंग्रजी. या पट्ट्यात पाऊस असा की आषाढात कपाट उघडलं की ओल्या कागदाचा वास अंगावर येतो. ग्रंथपाल बाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. मिरग सुरू व्हायच्या आधी त्या प्रत्येक खणात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. अध्यक्ष गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. हिशेब आण्णांकडे. मी बेळगावात संगणक दुरुस्तीचं आणि शिकवण्याचं काम करतो. गाव माझं आजोळ, त्यामुळे तिथल्या संगणकाचं काही अडलं की फोन मला येतो.

वाचनालयात चार संगणक आहेत. बेळगावातल्या एका कार्यालयाने नवीन घेतले तेव्हा जुने देणगी म्हणून मिळाले. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. दोन मुलांसाठी: सीईटीची माहिती, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, निकाल. तिसरा अक्कांच्या टेबलावर. त्यावर पुस्तकांची सूची, सभासदांची यादी आणि पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना, लिहायची कन्नड पत्रं. चौथा आण्णांच्या हिशेबाचा.

अडचण

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, पूर्वीसारखाच चालतो. पण त्यानंतर सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत. ज्या संगणकावर गावातली पोरं रोज वेगवेगळे पेनड्राइव्ह लावतात आणि आईवडिलांच्या बँक खात्याचे नंबर टाकून अर्ज भरतात, तिथे ही गोष्ट साधी नाही.

विंडोज ११ वर जायचं तर यंत्रं बसत नव्हती. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचे तिसऱ्या पिढीचे. शिवाय ते संथ झाले होते. बटण दाबून अक्का झाडू मारायला जायच्या आणि दोन्ही खोल्या झाडून आल्या तरी पडदा पूर्ण आलेला नसायचा.

दिवाळीनंतरच्या बैठकीत समितीसमोर एवढीच अडचण होती. दुसरी अडचण त्याहून जुनी आणि खोल होती, आणि ती बैठकीत कुणालाच, मलाही, दिसली नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय चार नवे संगणक. आण्णांनी वर्गणीचं पुस्तक पुढे केलं आणि तो विषय तिथेच मिटला.

दुसरा, मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी दिलेली एका वर्षाची वाढीव सुरक्षा मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. यात चुकीचं काही नाही, ज्यांना थोडा वेळ हवा आहे त्यांनी घ्यावी. पण संथपणा तसाच राहणार होता आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा हीच बैठक भरणार होती.

तिसरा, तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसवणं. असं करता येतं, बरेच जण करतात. पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. माझ्या घरच्या संगणकावर मी हा धोका पत्करेन. सार्वजनिक ठिकाणी नाही.

चौथा, क्रोमओएस फ्लेक्स, जुन्या संगणकांसाठी गूगलने दिलेली प्रणाली. मुलांच्या दोन संगणकांना चाललं असतं. पण त्याचा सगळा जीव इंटरनेटवर, आणि या गावात जोराचा वारा आला की आधी इंटरनेट जातं, मग वीज.

पाचवा, लिनक्स: विंडोजच्या जागी बसवता येणारी, फुकट मिळणारी संगणकप्रणाली. मी बैठकीत त्याच्याच बाजूने बोललो, आणि इथे कबूल करतो की माझं मन आधीच तिकडे होतं. आण्णांनी विचारलं, "फुकट हाय म्हणतोस, बरं. पण उद्या बंद पडलं तर कुणाला धरायचं?" प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की धरायला एकच कंपनी नाही, म्हणून गावात निदान दोन माणसं तयार झाली पाहिजेत. मी तिसरा. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतात, हेही सांगितलं. गुरुजींना ते पटलं.

लिनक्सचे प्रकार अनेक. भारतीय भाषांसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेलं बॉस पाहिलं, उबंटू पाहिलं. शेवटी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. ती कमी रॅमवर चालते, खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू असल्यामुळे विंडोजवर हात बसलेल्या माणसाला अनोळखी वाटत नाही, आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत.

पहिला निर्णय: आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं

लिनक्स डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवता येतं. पेनड्राइव्ह काढला की यंत्र पूर्वीसारखं. आठ दिवस असंच वापरायचं ठरलं, आणि या सबंध प्रकरणातला आमचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता. पोरांनी पहिल्याच संध्याकाळी फायरफॉक्स उघडून कामं सुरू केली. त्यांना विशेष फरक वाटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या फुकट ऑफिसमध्ये, पुस्तकांची सूची उघडली आणि मला हाक मारली.

"हे बघ की रे. आमचं मराठी कुठं गेलं?"

पडद्यावर सहा हजार ओळी होत्या आणि एकाही ओळीत मराठी नव्हतं. इंग्रजी मुळाक्षरं, डोक्यावर टोपी घातलेला ए, पौंडाचं चिन्ह, मध्येच अवतरणचिन्ह. फक्त आकडे शाबूत होते: दाखल क्रमांक, पानं, किंमत.

मूळ दुखणं

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सीमाभागातल्या कितीतरी मराठी संस्थांच्या, पतसंस्थांच्या, देवस्थानांच्या संगणकांत हेच दुखणं पडून आहे.

संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक ०९१५. तो जगातल्या कुठल्याही फोनवर 'क'च राहतो. पण युनिकोड रुजायच्या आधी मराठीला अशी सगळीकडे चालणारी सोय नव्हती. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले फॉन्ट तयार झाले. श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव, आणि कन्नडसाठी नुडी, बरहा ही त्या काळाची नावं. त्यांचे उपकार मोठे आहेत. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत मराठी संगणकावर आली ती त्यांच्यामुळे, आणि यातल्या अनेकांनी पुढे युनिकोडही दिलं. पण जुन्या पद्धतीत फाईलच्या पोटात मराठी नसते. पोटात इंग्रजी चिन्हं असतात आणि त्यांच्यावर मराठीचा मुखवटा असतो. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो.

अक्कांनी पंधरा वर्षं भरलेली सूची अशी होती.

आणि मग जुनी कोडी सुटू लागली. सूची फोनवर पाठवली की कचरा दिसतो म्हणून अक्का पडद्याचे फोटो काढून पाठवायच्या, ते यामुळे. कंट्रोल-एफ दाबून शोधायला गेलं की चौकटीत इंग्रजी चिन्हं उमटायची, म्हणून त्या नुसत्या डोळ्यांनी यादी खाली खाली नेत बसायच्या, ते यामुळे. अकारविल्हे लावायला गेलं की 'अ' च्या आधी 'म' यायचा, तेही यामुळे. गावातले एक जुने वाचक नेहमी म्हणायचे, "पुस्तक कपाटात हाय, पण ह्यात गावत न्हाई." आम्ही त्याला अक्कांच्या कामाचा दोष समजत होतो. त्यांच्याबद्दल समितीत कधीकधी जे बोललं गेलं त्याची मला आज लाज वाटते.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हा लिनक्सचा दोष नाही आणि विंडोजचाही नाही. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोडची सोय आहे. सूची युनिकोडमध्ये न्यायचं काम आम्ही कधीही, प्रणाली न बदलता करू शकलो असतो. प्रणाली बदलायला घेतली म्हणून ते उघडं पडलं, इतकंच.

दुसरा निर्णय: मुखवटा हलवायचा की मजकूर बदलायचा

सोपा मार्ग समोर होता. जुन्या फॉन्टची फाईल उचलायची आणि लिनक्समध्ये टाकायची. मी एका यंत्रावर करून पाहिलं, सूची झटक्यात पुन्हा मराठी दिसू लागली. अक्का हसल्या. "झालं की मग!"

झालं नव्हतं. दिसण्यापुरतं मराठी आलं, पण नवीन नोंद करता येईना, कारण टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. शोध तसाच आंधळा. शिवाय तो फॉन्ट विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला, वेगळा उचलून वापरायची परवानगी आहे का हे कागद बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि कागद कुणाकडे नव्हते.

समितीत यावर दोन तास चर्चा झाली. आण्णांचं म्हणणं, अक्कांचं यंत्र विंडोजवर तसंच ठेवा, बाकीची बदला. खर्च नाही, त्रास नाही. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पन्नास वर्षांनी हे कुणी उघडलं तर त्याला काय दिसेल?" मी म्हटलं, आत्ता दिसलं तेच. त्यावर ठराव झाला: सगळी सूची युनिकोडमध्ये न्यायची.

काय केलं

सुरुवात पन्नास ओळींनी केली. प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात. आमच्या फॉन्टचं एक घेतलं आणि त्यात ओळी घातल्या. बहुतेक बरोबर आल्या. ज्या चुकल्या त्यांत मात्र एक शिस्त होती, आणि ती समजून घेण्यात आमचा पहिला आठवडा गेला.

'निर्मिती' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवतात: न, मग ऱ्हस्व वेलांटी, मग र आणि हलन्त, मग म, त्याची वेलांटी, शेवटी त आणि दीर्घ वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमाने: आधी वेलांटी मग न, पुन्हा वेलांटी मग म, आणि त्या म नंतर डोक्यावरचा रफार. म्हणजे रूपांतर करणाऱ्याने वेलांटी उचलून अक्षरानंतर न्यायची आणि रफार उचलून अक्षराच्या आधी आणायचा. जोडाक्षराला वेलांटी आणि रफार दोन्ही आले की साधन गोंधळायचं आणि वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची.

दुसरी चूक खास मराठीची. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या', 'सातबाऱ्याचा' यांतला अर्धा र. हिंदीत तो लागत नाही, त्यामुळे साधनाला त्याची ओळखच नव्हती. सगळीकडे 'वर्हाड', 'दुसर्या' आलं. युनिकोडमध्ये यासाठी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात. हे 'बदला' आज्ञेने एका झटक्यात होईल असं मला वाटलं. नाही झालं, कारण 'सूर्या' आणि 'दुसऱ्या' यांत रफार कुठे आणि अर्धा र कुठे हे यंत्राला कळत नाही. मराठी येणाऱ्या माणसालाच कळतं.

तिसरी चूक डोळ्याला दिसतच नाही. 'ॲ' दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र काढून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना संगणकाला वेगळे. आम्ही सगळीकडे अखंड अक्षर ठेवलं.

चौथी चूक आमचीच. मूळ यादीत काही लेखकांची नावं आणि पदव्या इंग्रजीत होत्या. साधनाने त्यांनाही जुनं मराठी समजून बदललं आणि मराठीसारखं दिसणारं पण वाचता न येणारं काहीतरी तयार झालं. मग इंग्रजी पुस्तकं आधी वेगळी काढून पुन्हा पहिल्यापासून रूपांतर केलं. कन्नड कपाटाच्या नोंदी नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या, त्यांचं साधन वेगळं. ते काम एका दिवसात आणि जवळजवळ बिनचूक झालं.

तपासणीसाठी अक्कांनी दहावीच्या दोन मुली घेतल्या. एकीने कपाटातून पुस्तक काढून नावाचं पान मोठ्याने वाचायचं, दुसरीने पडद्यावर बघायचं. मी सुचवलं होतं की शुद्धलेखन तपासनीस जोडू, लाल रेघ येईल तेवढंच बघू. अक्का म्हणाल्या, पुस्तकाचं नाव कोशात कशाला असेल? बरोबर होतं त्यांचं. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'कवि', 'पद्धति' असंच छापलंय. ते सुधारायचं नाही, मुखपृष्ठावर आहे तसं ठेवायचं, असं गुरुजींनी बजावलं. पण मग 'कवी' टाकून शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. म्हणून शोधासाठी आजच्या लेखनाचा एक वेगळा स्तंभ केला. तुळशीच्या लग्नाला सुरू झालेलं हे काम शिमग्याला संपलं. साधारण सातशे नोंदी हाताने दुरुस्त झाल्या.

याच्या तुलनेत प्रत्यक्ष लिनक्स बसवायला एका यंत्राला पाऊण तास लागला.

मध्ये झालेली चूक

मुलांच्या पहिल्या यंत्रावर लिनक्स बसवताना मी जुन्या हार्ड डिस्कवरच बसवलं. आधी डी ड्राइव्हचा सगळा मजकूर बाहेरच्या डिस्कवर घेतला होता. सी ड्राइव्हवर विंडोजच असणार असं धरून ती पुसली. पण तिथल्या डेस्कटॉपवर एका मुलाने वर्षभर जमवलेल्या स्पर्धा परीक्षेच्या टिपणांचा फोल्डर होता. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. मला हे माहीत आहे, मी हेच इतरांना शिकवतो. तरी त्या दिवशी विचारायचं राहिलं.

फोटोरेक नावाच्या साधनाने डिस्क खरवडून काही फाईली परत मिळवल्या, पण त्या नावाशिवाय येतात. शेकडो फाईलींमधून त्याची टिपणं वेगळी करायला आम्ही दोन रविवार बसलो. अर्ध्याहून थोडी जास्त मिळाली. तो मुलगा मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि ते जास्त लागलं.

त्या रात्री निर्णय बदलला. बाकी यंत्रांसाठी नव्या एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्का, घ्यायच्या, लिनक्स त्यांवर बसवायचं आणि जुन्या डिस्का हात न लावता, नाव-तारीख लिहून, कपाटात ठेवायच्या. खर्च आण्णांनी मान्य केला, एका मुंबईकर सभासदाने निम्मा उचलला. यंत्रं वेगवान झाली ती खरी या एसएसडींमुळे, हेही इथे सांगतो. सगळं श्रेय लिनक्सला देणं खरं होणार नाही.

कळफलकाची गोष्ट

मला सगळ्यात जास्त धास्ती अक्कांच्या टाइपिंगची होती. जुन्या सॉफ्टवेअरचा कळफलक लिनक्सवर मिळत नव्हता. सरकारी प्रमाण म्हणजे इनस्क्रिप्ट, पण पन्नाशीत नवा कळफलक शिका असं सांगायला जीभ रेटेना. मोबाइलसारखा उच्चाराने लिहायचा मार्गही होता, मुलींनी तोच उचलला. अक्कांना तो आवडला नाही, शब्द लिहिताना मध्येच सुचवण्या येतात म्हणून.

मग कळफलकांची यादी चाळताना मराठीच्या खाली एक नाव दिसलं: कगप. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. के. पी. राव यांनी कन्नडसाठी घडवलेली जी उच्चारानुसारी मांडणी पुढे नुडीतून कर्नाटकभर पसरली, तीच मांडणी लिनक्समध्ये मराठी, हिंदी आणि संस्कृतलाही लावून ठेवलेली आहे. अक्का वाचनालयात येण्याआधी तालुक्याच्या एका कार्यालयात कंत्राटावर सहा वर्षं नुडीत कन्नड टाइप करत होत्या. त्यांच्या बोटांत ती मांडणी मुरलेली.

मी कळफलक बदलला आणि काही न सांगता त्यांना पुढे बसवलं. त्यांनी सवयीने कन्नडसारखं टाइप केलं. क च्या जागी क आला. क्यू दाबल्यावर ट, डब्ल्यूवर ड, मोठ्या एलवर ळ, आणि हलन्तासाठी एफ. त्यांनी गावाचं नाव लिहिलं, मग स्वतःचं, मग पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "हे तर आमचंच हाय की," म्हणाल्या. आता एका कळीने कन्नड, दुसऱ्या कळीने मराठी, आणि बोटं त्याच जागी. सीमाभागातल्या भाषांवर आपण इतकं भांडण ऐकत मोठे झालो. त्या टेबलावर बसून हे बघताना मला जे वाटलं ते शब्दांत नीट येत नाही.

गुरुजींचा ल

आणखी एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. गुरुजींनी छापलेली सूची हातात घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा ल आपला नव्हे." त्यांचं बरोबर. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आधी येतात. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा, आणि महाराष्ट्र शासनानेही २०२२ साली हीच रूपं प्रमाण ठरवली. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की मराठी रूपं आपोआप येतात. आम्ही लिब्रेऑफिसमध्ये भाषा मराठी केली आणि राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट टाकला. गुरुजींनी पुन्हा छापून मागितलं.

परिणाम

मुलांचे दोन्ही आणि अक्कांचा असे तीन संगणक लिनक्सवर आहेत. बटण दाबल्यापासून अर्ध्या-पाऊण मिनिटात तयार होतात. आण्णांचं यंत्र विंडोजवरच राहिलं, कारण हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त तिथे चालतं. त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. हा निर्णय मला आधी पराभव वाटला होता. आता वाटत नाही.

सूची आता फोनवर जाते. पुण्या-मुंबईला गेलेले सभासद गावी यायच्या आधी पुस्तक राखून ठेवायला सांगतात. नावं नीट शोधता येऊ लागल्यावर पन्नासेक पुस्तकं दोनदा नोंदलेली सापडली, आणि एकाच लेखकाची तीन प्रकारे लिहिलेली नावं एकत्र आली. "गावत न्हाई" म्हणणारे ते वाचक स्वतः येऊन पडद्यावर शोधून गेले.

न जमलेलंही आहे. जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या लिनक्सवर बसला नाही, मी तीन संध्याकाळी घालवल्या. छापायचं असलं की फाईल पेनड्राइव्हवरून आण्णांच्या यंत्रावर न्यावी लागते, आणि पेनड्राइव्हची भीती म्हणून तर हे सगळं सुरू झालं होतं. बाहेरून येणारी काही कन्नड पत्रं अजून जुन्या फॉन्टमध्ये असतात, अक्का ती आधी रूपांतर करून मग वाचतात. एका सभासदाला नवा पडदा अजिबात आवडलेला नाही. तो आता फोनवरच अर्ज भरतो.

वेगळं काय करता आलं असतं

प्रिंटर आधी तपासायला हवा होता. पेनड्राइव्हवरून चालवलेल्या त्या आठ दिवसांत कुणी एक पानही छापून बघितलं नाही. छापलं असतं तर एसएसडीच्या पैशांबरोबरच प्रिंटरचा विचार झाला असता.

पुसण्याआधी प्रत्येक यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला, पोरांना सुद्धा, तुझं इथे काय आहे असं विचारायला हवं होतं. आणि पहिल्या यंत्रापासूनच जुनी डिस्क बाजूला ठेवायला हवी होती.

कामाचा क्रमही चुकला असं मला वाटतं. आधी विंडोजवर असतानाच सूची युनिकोडमध्ये न्यायला हवी होती, मग प्रणाली बदलायची. दोन्ही एकदम केल्यामुळे अक्कांना चार महिने दोन याद्या सांभाळाव्या लागल्या. त्या काळात आलेल्या नव्या पुस्तकांतली काही एकीत आहेत, दुसरीत नाहीत. ती अजून जुळवतोय.

दोन माणसं तयार करायची म्हटलं होतं, एकच झालंय. दहावीच्या मुलींपैकी एक आता अपडेट्स, बॅकअप, नवा सभासद जोडणं सगळं करते. जूनमध्ये ती कॉलेजसाठी बेळगावला जाईल.

आणि एक काम उरलंय. वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका, ज्यांत गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला इतिहास आहे, त्या पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच जुन्या फॉन्टमध्ये बांधलेल्या आहेत. त्या उघडतात फक्त आण्णांच्या यंत्रावर, आणि त्या यंत्राची डिस्क आता घरघर आवाज करते. तिची प्रत काढून ठेवली आहे. मजकूर बाहेर काढून रूपांतर करायचं काम मे महिन्याच्या सुट्टीत धरलंय. पहिल्या अंकाची आठ पानं अक्कांनी आधीच करून टाकलीत. त्यात 'वऱ्हाडी' शब्द अकरा वेळा आला होता. अकराही वेळा तो त्यांनी हाताने दुरुस्त केला.